बिछायत केंद्राचा कारभार डेटाबेसमध्ये आणायचा आहे, सुरुवात कुठून करू?

महालचा_बिछायतवाला | १९ मे, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. नागपूरच्या महाल भागात आमचं बिछायत केंद्र आहे, लग्नाकार्याचं सामान भाड्यानं देणारं, आजोबांच्या वेळेपासूनचं. खुर्च्या, गाद्या, लोड, गंज (मोठी पातेली), पराती, कढया, आठ कूलर, एक जनरेटर. बाबांच्या तीन वह्या आहेत: बुकिंगची, माल गेला-आल्याची आणि उधारीची. मी बी.कॉम. झाल्यावर मोठ्या हौसेनं सगळं एक्सेलमध्ये आणलं. एका ओळीत एक बुकिंग: तारीख, ग्राहक, फोन, वस्तू १, नग १, वस्तू २, नग २... असं वस्तू १२ पर्यंत. दुसऱ्या शीटमध्ये प्रत्येक वस्तूपुढे 'शिल्लक'.

परवा एकाच मुहूर्तावर दोन लग्नं घेतली. एकाला ३५०, दुसऱ्याला ४०० खुर्च्या. आमच्याकडे एकूण ६००. शीटमध्ये शिल्लक ६०० दिसत होती म्हणून मी ३५० ची हो भरली, आणि भावाच्या मोबाईलवरच्या कॉपीतही ६०० च दिसत होती म्हणून त्यानं ४०० ची. दोघांनी आपापल्या शीटमधून आकडा वजा केला. रात्री दहा वाजता सक्करदऱ्यातून १५० खुर्च्या दुप्पट भाड्यानं उचलल्या. बाबा एवढंच म्हणाले, "वही कधी चुकली नव्हती." शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

आता डेटाबेस शिकायचं मनावर घेतलंय. पण जो व्हिडिओ लावावा त्यात कर्मचारी आणि त्यांचे विभाग, नाहीतर विद्यार्थी आणि त्यांचे विषय. प्रायमरी की (प्रत्येक ओळीची एकमेव ओळख), नॉर्मल फॉर्म (टेबलं आखायचे नियम) सगळं ऐकताना समजतं आणि खुर्च्यांपाशी आलो की डोकं चालत नाही. तयार सॉफ्टवेअर एकदा घेतलं होतं, विकणाऱ्यानं वर्षभरानं फोन उचलणं बंद केलं आणि आमचा डेटा त्यातच अडकला. त्यामुळे स्वतः शिकायचं आहे. कुठून सुरू करू?

---

तर्री_पोहा | १९ मे, रात्री ११:५८

काऊन बे भाऊ, कायले डोक्याले ताप करून घेतं? टॅली घे अन् मोकळा हो.

---

हिंगणा_स्टोअर | २० मे, सकाळी ७:१५

टॅलीत हिशेब उत्तम होतो, वाद नाही. पण 'येत्या १८ तारखेला किती खुर्च्या मोकळ्या?' हे विचारायची ती जागा नव्हे. भाड्याच्या धंद्यात माल विकला जात नाही, फिरून येतो. फरक तिथेच आहे.

धागा वाचतोय. आमच्या स्टोअरमध्येही हीच रड आहे.

---

डीबीए_काका | २० मे, दुपारी ४:३०

मी एका बँकेत डेटाबेस सांभाळण्यात नोकरी काढली, आता त्रिमूर्तीनगरात झाडांना पाणी घालतो. वेळ आहे, म्हणून लांब लिहितो.

अरे, आधी कॉम्प्युटर बंद कर. बाबांच्या शेजारी एक संध्याकाळ बस आणि फोनवर लोक काय विचारतात ते कागदावर लिही. 'अमक्या तारखेला दोनशे खुर्च्या मिळतील का?' 'आमचं किती राहिलं?' 'मागच्या वेळी कोणता भाव लावला होता?' 'एक परात कमी आली, कोणाकडे राहिली?' डेटाबेस या प्रश्नांसाठी बनवायचा असतो. लोक उलटं करतात: आधी रकाने आखतात आणि मग त्यांत न बसणारे प्रश्न विचारत बसतात. 'वस्तू १ ते वस्तू १२' ही तुझी शीट त्याच वाटेची. तेरावी वस्तू आली की काय करतोस? आणि 'मे महिन्यात पराती किती गेल्या' हे काढायला बारा रकाने धुंडाळावे लागत असतील.

आता दुसरा कागद. धंद्यात ज्याला स्वतंत्र अस्तित्व आहे त्याची नावं लिही. ग्राहक. वस्तू. बुकिंग. बाबांना विचार, ते न अडखळता सांगतील. प्रत्येकाचं एक टेबल. एका टेबलात एकाच प्रकारच्या गोष्टी आणि एका ओळीत एकच गोष्ट. खुर्चीचं नाव 'वस्तू' टेबलात एकदाच लिहायचं, बाकी सगळीकडे तिचा क्रमांक. ग्राहकाचा पत्ता 'ग्राहक' टेबलात एकदाच.

मग नाती. एका ग्राहकाची अनेक बुकिंगं, म्हणून बुकिंगच्या ओळीत ग्राहकाचा क्रमांक. हे सोपं. अडचण पुढे आहे: एका बुकिंगमध्ये अनेक वस्तू आणि एक वस्तू अनेक बुकिंगांत. हे दोन टेबलांत मावत नाही, मध्ये तिसरं लागतं. त्याला 'बुकिंग_ओळ' म्हण: बुकिंग क्रमांक, वस्तू क्रमांक, नग, भाव. बारा वस्तू असतील तर बारा ओळी, तीन असतील तर तीन. बाबांची वही उघडून बघ, ते एका बुकिंगखाली वस्तू एकाखाली एक लिहीत असणार. तू त्या आडव्या केल्यास आणि तिथे घोटाळा झाला.

हे आडवं-उभं प्रकरण क्षुल्लक नाही. १९६० च्या दशकात आयबीएमनं आयएमएस नावाची प्रणाली केली, अपोलो मोहिमेच्या रॉकेटच्या सुट्या भागांची यादी सांभाळायला. तिची रचना झाडासारखी होती: वर मूळ, खाली फांद्या. वरून खाली गेलात तर झटकन उत्तर. पण 'हा एक बोल्ट कुठे कुठे वापरलाय' असा उलटा प्रश्न आला की प्रोग्रामरला वाट खोदावी लागायची. १९७० मध्ये त्याच आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी निबंध लिहिला: माहिती साध्या टेबलांत ठेवा, नाती रकान्यांतल्या मूल्यांवरून जुळवा, आणि कोणत्या वाटेनं जायचं ते मशीनला ठरवू द्या. १९८१ मध्ये त्यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. तुझा 'परात कोणाकडे राहिली' हा प्रश्न बोल्टच्या जातीचा आहे. ग्राहकाकडून परातीकडे जाणं आणि परातीकडून ग्राहकाकडे येणं, दोन्ही सारखंच सोपं असलं पाहिजे.

आणि आता मुख्य. 'शिल्लक' हा रकाना उडव. शिल्लक ही लिहायची गोष्टच नव्हे. काय गेलं, काय आलं ते लिही; शिल्लक त्यातून दर वेळी मोजून काढ. बाबांची वही चुकत नव्हती कारण तिच्यात शिल्लक नव्हती, नुसत्या नोंदी होत्या. बेरीज ते डोक्यात करत.

---

तर्री_पोहा | २० मे, संध्याकाळी ६:०२

काका, एवढं तर आमच्या सरनं चार वर्षांत नाही सांगतलं. 🙏

---

इतवारी_किराणा | २० मे, रात्री ९:२०

थोडा विरोध नोंदवतो. किराण्याचा होलसेल आहे आमचा, बावीस वर्षं एक्सेल. चूक एक्सेलची नाही, दोन कॉपी करणाऱ्यांची आहे. ऑनलाइन शीट एकच ठेवली असती तर खुर्च्या कमी पडल्या नसत्या. उगाच छोट्या माणसाला मोठं यंत्र लावू नका.

---

डीबीए_काका | २० मे, रात्री १०:०५

इतवारी, अर्धं मान्य. एकच शीट असती तर परवाची फजिती टळली असती. आणि मी वर सांगितलेली टेबलं चार वेगळ्या शीटमध्ये केली तरी पुष्कळ फायदा होईल. रचना महत्त्वाची, साधन नंतर.

पण एक्सेल तुम्हाला आपणहून अडवत नाही, हा त्याचा गुण आणि तोच दोष. नगाच्या रकान्यात 'दोनशे अंदाजे' लिहिलं तरी ते घेतं. नसलेल्या ग्राहकाचा क्रमांक टाकला तरी घेतं. २०२० च्या ऑक्टोबरात इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य विभागाकडून कोविडचे जवळपास १६ हजार रुग्ण यादीतून गळाले. कारण जुन्या एक्सएलएस फाइलीत ६५,५३६ च्या वर ओळी मावत नाहीत आणि पुढचं गुपचूप सुटत गेलं. नव्या फाइलीत मर्यादा १०,४८,५७६ आहे, तुमच्या-आमच्या धंद्याला पुरून उरेल. मुद्दा ओळींचा नाही, 'गुपचूप'चा आहे. डेटाबेस नीट आखला तर तो तोंडावर नाही म्हणतो.

---

इतवारी_किराणा | २० मे, रात्री १०:११

गुपचूपचा मुद्दा पटला. एक्सेल सोडणार नाही तरी.

---

महालचा_बिछायतवाला | २४ मे, रात्री १२:२०

काका, खूप आभार. बाबांजवळ दोन संध्याकाळी बसलो. प्रश्न एकोणीस निघाले. त्यातला एक: 'मागच्या वेळी गाद्या ओल्या दिल्या होत्या, या वेळी तसं नको.' हा कुठे ठेवायचा, माहीत नाही. 😀

टेबलं केली. ग्राहक टेबलाला फोन नंबर प्रायमरी की दिला, कारण तो प्रत्येकाचा वेगळा असतो. बरोबर आहे का?

---

पॉलिटेक्निक_मॅडम | २४ मे, सकाळी १०:४५

मी डिप्लोमाच्या मुलांना हाच विषय शिकवते. फोन नंबरची चूक दर वर्षी अर्धा वर्ग करतो, तेव्हा वाईट वाटून घेऊ नका.

प्रायमरी की बदलता कामा नये आणि दोघांची एक असता कामा नये. फोन दोन्हींत नापास. माणूस नंबर बदलतो, मग त्याची जुनी बुकिंगं कोणाची? आणि लग्नघरात काका, मामा, नवरदेवाचा भाऊ असे तिघं एकाच नंबरवरून बोलतात. शिवाय कोणी आधी शून्य लावतो, कोणी +९१, म्हणजे मशीनच्या दृष्टीनं तिघं वेगळे. साधा १, २, ३ असा अर्थहीन क्रमांक द्या. त्याला अर्थ नाही म्हणूनच तो बदलावा लागत नाही. फोनचं वेगळं टेबल करा, एका ग्राहकाला कितीही नंबर. रकान्याचा प्रकार अक्षरांचा ठेवा, अंकांचा नको, नाहीतर आधीचं शून्य गळतं. फोनची कोणी बेरीज करत नाही.

नावानं ओळखायला जाल तर तेही फसतं. आपल्या विदर्भात वानखडे आणि वानखेडे दोन्ही आहेत, आणि लिहिणारा घाईत काय लिहील त्याचा भरवसा नाही. नवीन नाव टाकण्याआधी फोनवरून शोधायचं, सापडला तर तोच घ्यायचा, हा नियम दुकानातल्या माणसांना लावा. डेटाबेस ते आपोआप करणार नाही.

ओल्या गाद्यांसाठी ग्राहक टेबलात 'शेरा' असा एक मोकळा रकाना द्या. सगळंच नियमात बसवायचं नसतं.

---

सीए_धरमपेठ | २४ मे, दुपारी १:३०

माझ्या बाजूनं दोन गोष्टी, कारण हे आखताना कोणी सीएला विचारत नाही आणि मार्चमध्ये माझ्या डोक्यावर येतं.

एक, भाव. खुर्चीचा भाव 'वस्तू' टेबलात आहे म्हणून बुकिंग_ओळीत पुन्हा कशाला, असं वाटेल. हवाच. आज ८ रुपये आहे, दिवाळीनंतर १० कराल. मागचं बिल पुन्हा छापलं तर त्यात १० येऊन चालेल का? वस्तू टेबलातला भाव आजचा, ओळीतला भाव ठरलेला. दिसायला सारखे, अर्थ वेगळे. कराच्या दराचंही तेच. २२ सप्टेंबर २०२५ ला बहुतेक मालावरचे जीएसटीचे १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे गेले, तेव्हा ज्यांनी दर फक्त मालाच्या यादीत ठेवला होता त्यांची जुनी बिलं नव्या दरानं छापून आली. मी स्वतः निस्तरलंय.

दोन, बिल क्रमांक. जीएसटी नोंदणी असेल तर बिलाचा क्रमांक जास्तीत जास्त १६ अक्षरांचा, सलग, आणि त्या आर्थिक वर्षात एकमेव असावा लागतो. म्हणजे दर १ एप्रिलला १ पासून सुरू करता येतं, पण मग नुसता '४७' ओळख म्हणून पुरत नाही. 'वर्ष + क्रमांक' ही जोडी एकमेव, असं बंधन घाला. आणि आतली की वेगळीच, मॅडम म्हणाल्या तशी. जुना डेटा पुसायची घाईही करू नका. वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने नोंदी ठेवाव्या लागतात.

आणि हो, रकमा दशांश प्रकारात ठेवा किंवा सरळ रुपयांचे पैसे करून पूर्णांकात. 'फ्लोट' हा अपूर्णांकांचा अंदाजे प्रकार नको. त्यात ०.१ अधिक ०.२ नेमके ०.३ होत नाहीत.

---

तर्री_पोहा | २४ मे, दुपारी १:३८

म्हणजे मशीनले पण उधारी जमत नाही. आपला माणूस.

---

हिंगणा_स्टोअर | २५ मे, रात्री ८:५०

माल गेला-आल्याच्या टेबलाबद्दल कोणी बोललं नाही. तो माझा प्रांत, एमआयडीसीत सतरा वर्षं स्टोअर सांभाळतो.

भाऊ, बुकिंग म्हणजे शब्द. माल गाडीत चढणं म्हणजे घटना. दोन्ही एका टेबलात कोंबू नको. २०० चं बुकिंग असतं, ऐन वेळी पार्टी २३० नेते, परत २२४ येतात, त्यातल्या दोन मोडलेल्या. 'हालचाल' असं वेगळं टेबल कर: तारीख-वेळ, वस्तू, नग, प्रकार, बुकिंग क्रमांक, कोणी नोंदवलं. प्रकार ठरावीक ठेव: खरेदी, गेलं, आलं, मोडलं, हरवलं, भंगारात, मोजणीतला फरक. प्रत्येक प्रकारानं गोदामातला साठा वाढतो की कमी होतो तेही आधीच ठरव. नाहीतर 'हरवलं' दोनदा वजा होतं: एकदा गेलं तेव्हा, एकदा हरवलं म्हणून. आमच्याकडे झालंय, सहा महिने कोणाला कळलं नाही. ग्राहकाकडे हरवलेला माल गोदामातून आधीच गेलेला असतो. 'हरवलं' नोंदीनं फक्त त्याच्या नावावरचा आकडा कमी व्हायला हवा.

आणि जुनी नोंद कधी खोडायची नाही. चूक झाली तर उलटी नोंद टाकायची. आमच्या इथं एकानं मागच्या महिन्यातला आकडा 'सुधारला', आणि ज्या चलानवर आम्ही पार्टीशी भांडत होतो तेच जुळेना.

वर्षातून दोनदा गोदामात जाऊन हातानं मोजणी. आकडा जुळणार नाही. फरकाची नोंद टाकायची आणि पुढं चालायचं.

---

महालचा_बिछायतवाला | ११ जून, रात्री ११:३०

मंडळी, तीन आठवड्यांचा अहवाल. एसक्यूलाइट घेतलं, कारण इन्स्टॉल काही करावं लागत नाही आणि सगळा डेटाबेस एका फाइलीत. टेबलं सात: ग्राहक, फोन, वस्तू, बुकिंग, बुकिंग_ओळ, हालचाल, जमा. मे महिन्याची वही त्यात भरली. हात दुखले, पण भरताना बाबांच्या वहीतही दोन चुका सापडल्या. अजून सांगितलेलं नाही.

आता अडचण. 'मोकळ्या किती' ही क्वेरी (डेटाबेसला विचारायचा प्रश्न) लिहिली. नव्या बुकिंगच्या तारखांशी ज्या ज्या बुकिंगच्या तारखा छेदतात त्यांचे नग बेरीज करून ६०० मधून वजा. काल एकाला १० ते १३ तारखेला २०० खुर्च्या हव्या होत्या. क्वेरी म्हणाली फक्त ५० मोकळ्या. बाबांनी वही बघितली आणि म्हणाले, "देऊन टाक, तीनशे आहेत." दिल्या, आणि खरंच होत्या. क्वेरी कुठे चुकते? छेदण्याची अट तपासली, बरोबर वाटते: याची सुरुवात त्याच्या शेवटाआधी किंवा त्याच दिवशी, आणि त्याची सुरुवात याच्या शेवटाआधी किंवा त्याच दिवशी.

---

पॉलिटेक्निक_मॅडम | १२ जून, सकाळी ९:१०

अट बरोबर, बेरीज चुकीची. अंदाज करते: १०-११ ला ३०० गेल्या होत्या आणि १२-१३ ला दुसऱ्याकडे २५०?

---

महालचा_बिछायतवाला | १२ जून, सकाळी ९:२५

अगदी तेच! कसं कळलं?

---

पॉलिटेक्निक_मॅडम | १२ जून, सकाळी ११:४०

६०० पैकी ५० उरल्या म्हणजे बेरीज ५५०. बाबा ३०० म्हणाले म्हणजे सगळ्यात गर्दीच्या दिवशी बाहेर ३०० च. मग ५५० चे दोन तुकडे वेगवेगळ्या दिवशीचे असणार.

ही दोन्ही बुकिंगं नव्या बुकिंगला छेदतात, पण एकमेकांना छेदत नाहीत. ११ च्या रात्री परत आलेल्या खुर्च्या १२ ला दुसऱ्याकडे गेल्या. क्वेरीनं त्या दोनदा मोजल्या. तुम्हाला बेरीज नको, चार दिवसांतल्या सर्वांत गर्दीच्या दिवसाचा आकडा हवा.

यावर साधा उपाय: 'दिनदर्शिका' नावाचं टेबल करा, त्यात प्रत्येक तारखेची एक ओळ, पुढच्या पाच वर्षांची भरून टाका. दोन हजार ओळीही होत नाहीत. क्वेरीत दर दिवसाला त्या दिवशीच्या बुकिंगांची बेरीज काढा, मग त्यातली सर्वांत मोठी घ्या आणि ६०० मधून वजा करा. १० ला ३००, ११ ला ३००, १२ ला २५०, १३ ला २५०. मोठी ३००. मोकळ्या ३००. बाबा जिंकले.

त्याच टेबलात 'मुहूर्त आहे/नाही' असा रकाना ठेवलात तर कोणत्या मुहूर्ताला किती गर्दी होते तेही पुढच्या वर्षी बघता येईल.

---

डीबीए_काका | १२ जून, दुपारी ४:१५

सुरेख. यात एक भर घालतो. पोस्टग्रेस नावाच्या मोठ्या डेटाबेसमध्ये असं बंधन घालता येतं की एकाच वस्तूच्या दोन बुकिंगांचे काळ छेदूच नयेत. तुझ्या जनरेटरला ते चपखल बसेल, कारण तो एकच आहे. सभागृहवाल्यांना, लॉनवाल्यांना तर वरदान. पण ६०० खुर्च्यांना ते चालत नाही, तिथे मॅडमची मोजणीच हवी.

यावरून: वस्तू दोन जातीच्या असतात. खुर्ची कोणतीही द्या, कोणी ओळखत नाही. कूलर आणि जनरेटरला मात्र ओळख आहे. कोणता कूलर दुरुस्तीला गेला, कोणत्याची मोटर नवी. खुर्च्या नगांत मोज, कूलरला एकेक ओळ दे.

आणि परत आला तो दिवसच मोकळा धरू नकोस. भांडी घासायची असतात. पावसाळ्यात गादी दोन दिवस वाळत नाही. वस्तू टेबलात 'तयारीचे दिवस' असा रकाना ठेव: खुर्ची ०, भांडी १, गादी २. ओल्या गाद्यांची तक्रार शेऱ्यात लिहून थांबू नकोस, ती इथे मिटते.

---

हिंगणा_स्टोअर | १२ जून, दुपारी ४:४०

गादीचे जुलैत ४ धरा हो काका.

---

रातपाळी_आयटीपार्क | १३ जून, पहाटे ३:०५

आत्ताच धागा वाचून काढला. परसोडीच्या आयटी पार्कात हेच काम करतो. रचना छान आहे. एसक्यूलाइटचे चार खड्डे दाखवतो, कारण त्यात मी पडलोय.

फॉरेन की (दुसऱ्या टेबलातल्या ओळीकडे बोट दाखवणारा क्रमांक) लिहिली म्हणून तिची तपासणी चालू असते असं नाही. एसक्यूलाइटमध्ये ती तपासणी मुळात बंद असते, डेटाबेस उघडताना दर वेळी 'प्राग्मा' ही आज्ञा देऊन चालू करावी लागते. आत्ता नसलेल्या ग्राहकाच्या नावानं बुकिंग टाकून बघ. गेलं तर समज तुझी बंद आहे.

रकान्याचा प्रकार पूर्णांक दिला तरी एसक्यूलाइट त्यात 'दोनशे अंदाजे' घेतं! काकांनी एक्सेलला जे नाव ठेवलं तेच. टेबल बनवताना 'स्ट्रिक्ट' लिही, ३.३७ आवृत्तीपासून ती सोय आहे.

चलान नोंदवताना सगळं एका ट्रान्झॅक्शनमध्ये (एकत्र बांधलेल्या नोंदींत) ठेव. बारा वस्तूंच्या बारा ओळी. सातवीवर लाइट गेली तर एक तर बाराही असाव्यात, नाहीतर एकही नसावी. मे महिन्यात आपल्याकडे लाइट जाते हे वेगळं सांगायला नको.

बॅकअप घेताना चालू फाइल उचलून पेनड्राइव्हवर टाकू नको, अर्धवट कॉपी होऊ शकते. त्याची स्वतःची बॅकअपची आज्ञा आहे, ती वापर. आणि घेतलेला बॅकअप महिन्यातून एकदा दुसऱ्या मशीनवर उघडून बघ.

भाऊ दुसऱ्या गोदामातून नोंदी करणार असेल तर ती फाइल नेटवर्कवर शेअर करून दोघांनी उघडू नका, लॉकिंगचा (एक लिहीत असताना दुसऱ्याला थांबवण्याचा) भरवसा नसतो. तेव्हा पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएल. टेबलं जवळपास तशीच उचलून नेता येतील.

---

महालचा_बिछायतवाला | १३ जून, सकाळी ८:३०

टाकून बघितलं. ग्राहक क्रमांक ९९९९, बुकिंग गेलं. 😐 आज दुकान बंद झाल्यावर बसतो.

---

सीए_धरमपेठ | १३ जून, सकाळी ११:००

जाता जाता: अनामत म्हणून लोकांची आधारची झेरॉक्स घेत असाल तर तो नंबर टेबलात टाकू नका. गरज नाही, आणि फाइल कोणाच्या हाती लागली तर उत्तर तुम्हाला द्यावं लागेल. ओळखीपुरते शेवटचे चार अंक पुरतात, आधार देणाऱ्या यूआयडीएआयचं मास्क्ड (झाकलेलं) आधार तेवढेच दाखवतं.

---

महालचा_बिछायतवाला | तुळशीच्या लग्नानंतरचा रविवार, रात्री १०:१५

धागा वर काढतोय, कारण सीझन सुरू झाला.

पोस्टग्रेसवर गेलो. भाऊ नंदनवनच्या गोदामातून मोबाईलवर नोंदी करतो, मी दुकानातून. दोघं एकाच वेळी खुर्च्या द्यायला गेलो तर काय, ही भीती होती. आता तपासणी आणि नोंद एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये आहे आणि त्या वस्तूची ओळ तेवढ्यापुरती लॉक होते. मागच्या बुधवारी दोघांनी मुद्दाम एकदम बटण दाबून बघितलं. भावाला मिळाल्या, मला 'शिल्लक नाही' आलं. इतका आनंद झाला की चहा पाजला त्याला.

दिवाळीआधी मोजणी केली. खुर्च्या ६०० नव्हत्याच, ५७१ निघाल्या. म्हणजे इतकी वर्षं आम्ही नसलेल्या २९ खुर्च्या भाड्यानं देत होतो. हिंगणा भाऊ, फरकाची नोंद टाकली आणि पुढं चाललो.

बाबा अजून वही लिहितात. मी काही म्हणत नाही. पण काल ते स्वतःहून कॉम्प्युटरपाशी आले आणि म्हणाले, "त्याला विचार, आपला पितळेचा मोठा गंज कोणाकडे आहे. वहीत पानं फाटलीत." जुन्या वह्याही मी गणपतीत बसून भरल्या होत्या. गेल्याच्या सगळ्या नोंदींतून आल्याच्या वजा केल्या. एक ओळ आली. चार वर्षं झाली. आमच्या आत्याकडे, वर्धेला.

बाबांनी स्क्रीनकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि म्हणाले, "हे पुसता येतं का?"

---

हिंगणा_स्टोअर | रविवार, रात्री १०:२१

पुसायचं नाही म्हटलं होतं ना! उलटी नोंद टाका. प्रकार: 'आहेर'.

---

तर्री_पोहा | रविवार, रात्री १०:२४

भाऊ, आत्याच्या घरी त्याच गंजात रस्सा होऊन राहिला असन. तारीख सांग, आपण सगळे वर्धेले जाऊ.